पाठ टेकली तरी कुस्ती संपत नाही : दीर्घ खंडानंतर ‘ओपन गार्ड’ची नव्याने उभारणी

बेळगाव मागे टाकून कोल्हापूरच्या दिशेने निघाले की महामार्गालगत लगेच काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे जन्मगाव. पुढे हत्तरगी, संकेश्वर, निपाणी करीत हाच रस्ता कागलमार्गे कोल्हापुरात, राजर्षी शाहू महाराजांच्या खासबाग मैदानापाशी पोहोचतो. दोन राज्यांची सीमा या रस्त्याला मध्येच छेदते. कुस्तीने मात्र ती कधी मानली नाही. यात्रेनिमित्त भरणारी मैदाने, हलगीचा ठेका आणि तांबड्या मातीचा वास या साऱ्या पट्ट्यात सारखाच आहे. इथल्या पोराला कुस्तीचा पहिला नियम कोणी मुद्दाम शिकवावा लागत नाही. पाठ लागली की कुस्ती गेली, एवढे त्याला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक असते.

असाच एखादा तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी चोर्ला घाट उतरून गोव्यात येतो. तालीम सुटते, परंतु अंगातली खुमखुमी जात नाही. आणि मग हल्ली आपल्याकडेही अंथरल्या जाऊ लागलेल्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मॅटवर तो पोहोचतो. तेथे त्याला पहिल्याच आठवड्यात एक उफराटी गोष्ट शिकवली जाते : आपणहून पाठीवर जा, आणि तेथून लढ. दोन-तीन वर्षांत ते त्याच्या अंगवळणीही पडते. त्यानंतर गुडघा दुखावतो, नोकरीत बदली होते, घरात तान्हे मूल येते, आणि दीड-दोन वर्षांचा खंड पडतो. परतल्यावर त्याच्या ध्यानात येते की पकडी आठवतात, वरून दाब देणे जमते, पट काढणे तर मुळीच विसरलेले नाही. नाहीसे झाले आहे ते नेमके पाठीवरून लढणे. त्यातही ‘ओपन गार्ड’ नावाचा भाग जणू कधी शिकलाच नव्हता. असे का होते आणि तो भाग पुन्हा कसा उभा करावा, हा या लेखाचा विषय आहे. तालमीत न वाढलेल्यांनाही खंडानंतर हाच अनुभव येतो. मातीतून आलेल्यांना तो दुपटीने येतो, इतकेच.

गार्ड म्हणजे काय

ज्युदोची स्थापना जिगोरो कानो यांनी १८८२ साली केली. त्यांच्या कोडोकान संस्थेतील मित्सुयो माएदा हा मल्ल देशोदेशी कुस्त्या खेळत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलें या शहरात स्थिरावला. त्याची विद्या ग्रेसी कुटुंबाच्या हाती आली आणि जमिनीवरील झुंजीवर भर देत त्या कुटुंबाने तिला वेगळे वळण दिले. अंगापिंडाने लहान असलेला मनुष्य धिप्पाड माणसाखाली सापडला तर त्याने काय करावे, या प्रश्नाभोवती हे शास्त्र वाढले. १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत रॉयस ग्रेसी या सडपातळ खेळाडूने आपल्यापेक्षा वजनदार प्रतिस्पर्ध्यांना शरण आणले, तेव्हा त्या उत्तराकडे जगाचे लक्ष गेले.

उत्तराचे नाव गार्ड. खालच्या खेळाडूचे पाय त्याच्या आणि वरच्याच्या मध्ये असतील, तर वरचा अजून जिंकत नाही. पाठ जमिनीला असली तरी सामना बरोबरीचा आहे, असे हे शास्त्र मानते. दोन्ही पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती घालून घोटे एकमेकांत अडकवले की तो ‘क्लोज्ड गार्ड’. घोटे सुटले, पाय मोकळे झाले, आणि तळपाय, नडग्या, गुडघे यांनी त्याला अडवणे, ढकलणे, अडकवणे सुरू झाले की तो ओपन गार्ड. यात हातांनी बाही, कॉलर किंवा पायाची टाच धरलेली असते आणि पाऊल कमरेवर, दंडावर वा गुडघ्यामागे असते. पुढे याचे शेकडो प्रकार झाले. १९८० च्या दशकात रिकार्डो डे ला रिवा यांनी गाजवलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा गार्ड त्यातलाच एक. मूळ मात्र एकच : अंतर आपल्या ताब्यात ठेवणे.

स्पर्धेतील गुण पाहिले तरी याचे महत्त्व कळते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार खाली असलेल्याने गार्डमधून वरच्याला उलथवून स्वतः वर येत तीन सेकंद ताबा राखला तर त्याला २ गुण मिळतात. उभ्याने पाडल्यासही २ गुणच. उलट, वरच्याने पायांचा अडसर ओलांडून बाजूने ताबा घेतला तर त्याचे ३ गुण, आणि पाठीवर स्वार होऊन दोन्ही पाय आत रोवले तर ४. म्हणजे गार्ड ढासळणे हे चांगली पाडझड करण्यापेक्षा महाग पडते.

खंडात हेच आधी का निसटते

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. विसरल्यासारखी वाटणारी गोष्ट पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे त्यांतून दिसले. त्यांचा अभ्यास निरर्थक अक्षरगटांचा होता. परंतु शरीराच्या कौशल्यांबाबतही पुढच्या संशोधकांना असेच काहीसे आढळले, आणि त्यात एक भेदही दिसला. सायकल चालवण्यासारखे अखंड लयीचे कौशल्य वर्षानुवर्षे टिकते. एकामागून एक ठरावीक पायऱ्या असलेली, प्रत्येक पायरीला निर्णय मागणारी क्रिया लवकर पुसट होते.

वरून दाबणे हे पहिल्या जातीचे कौशल्य आहे. वजन आपल्या बाजूने असते, एखादा क्षण चुकला तरी चालते. ओपन गार्ड दुसऱ्या जातीचा. समोरचा कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे, त्याचा हात आपल्या विजारीच्या कोणत्या टोकाला पोहोचला, आपले पाऊल त्याच्या कमरेवरून केव्हा घसरले, या प्रत्येक क्षुल्लक गोष्टीला अर्ध्या सेकंदात उत्तर द्यावे लागते. खंडानंतर ज्ञान शिल्लक असते, वेळेचे भान गेलेले असते. म्हणून परतलेल्या खेळाडूची तक्रार बहुधा एकसारखी असते : काय करायचे ते कळत होते, पण करेपर्यंत तो बाजूला पोहोचला होता.

शरीराचाही वाटा आहे. मांड्या छातीशी आणून तशाच तोलून धरणे, कंबर उचलून एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर भार नेणे, बोटांनी जाड कापड मिनिटभर धरून ठेवणे, ही कामे दैनंदिन जीवनात कोणी करीत नाही. खुर्चीवर बसून काढलेल्या दोन वर्षांत नेमके हेच स्नायू आळसावतात.

मातीतली जुनी सवय

तालमीत वाढलेल्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि तिची चर्चा क्वचितच होते. बालवयात, हजारो वेळा गिरवलेली गोष्ट सर्वांत खोल रुजते. खंड पडला की वरवरची, उशिरा शिकलेली सवय आधी उडून जाते आणि खालची जुनी सवय पुन्हा डोके वर काढते. पैलवानाची सर्वांत जुनी सवय कोणती? पाठ जमिनीला लागण्याची वेळ आली की झटक्याने पोटावर पालथे होणे.

कुस्तीत ती सवय बिनचूक आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची गाजलेली लढत झाली. झिबिस्को सुरुवातीलाच खाली आला आणि त्यानंतर अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक वेळ पालथाच, मॅटला चिकटून राहिला. गामाला त्याला उलथवून चीत करता आले नाही आणि लढत बरोबरीत सुटली. प्रेक्षकांना हा प्रकार रुचला नाही. पुढच्या आठवड्यातील फेरलढतीस झिबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळा येथे गामाने त्याला मिनिटभराच्या आत अस्मान दाखवले, तो भाग वेगळा. येथे मुद्दा एवढाच की त्या दिवशी पोटावर पडून राहणे हा त्याच्यासाठी सुरक्षित किल्ला होता.

जिउ-जित्सूत तोच किल्ला सापळा ठरतो. पालथ्या पडलेल्या खेळाडूच्या पाठीवर समोरचा चढतो, दोन पाय कमरेत रोवतो, चार गुण घेतो आणि मागून गळ्याभोवती हात सरकवतो. मागचा हात दिसत नाही म्हणून ही पकड सोडवणे फार अवघड. खंडानंतर परतलेल्या पैलवानाला एकाच सरावात चार-पाच वेळा मागून गळा आवळून हार मानावी लागते, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते. त्याला वाटते आपला दम गेला, वय झाले. प्रत्यक्षात त्याने गार्ड तुटताच, विचार न करता, वस्तादांनी दहाव्या वर्षी शिकवलेली गोष्ट केलेली असते.

म्हणून उभारणीची सुरुवात डावपेचांपासून करू नये. गार्ड ओलांडला जाऊ लागला की पोटाकडे वळायचे नाही, प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून वळायचे, ही एकच गोष्ट पहिले दोन आठवडे घोटावी. समोरचा आपल्या उजवीकडे धावला तर आपली कंबर आणि छाती उजवीकडेच फिरली पाहिजे. अंगातली जुनी सवय डावीकडे, पलीकडे वळायला सांगेल. सरावातील सोबत्याला सांगून ठेवावे की त्याने केवळ डावी-उजवीकडे चालत राहावे, पकडू नये. खालच्याने फक्त तोंड आणि कंबर त्याच्याकडे ठेवावी. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. तीन मिनिटांत पोटाच्या स्नायूंना जी कळ लागते, ती मात्र पोरखेळाची नसते.

अंतराचे चार पहारे

ओपन गार्डकडे एकामागे एक उभ्या असलेल्या पहाऱ्यांसारखे पाहिले तर बरेच गोंधळ मिटतात. सर्वांत बाहेर तळपाय. ते समोरच्याच्या कमरेवर, मांडीवर वा दंडावर असतील तोवर तो दूर आहे. तळपाय हटले तर दुसरा पहारा गुडघे आणि नडग्या यांचा. नडगी त्याच्या छातीवर वा दंडावर आडवी राहते. तेही ओलांडले गेले तर कोपरे आणि तळहात, म्हणजे त्याच्या खांद्याला वा मानेला दिलेला आडोसा. शेवटचा पहारा कंबरेचा : घसरत मागे सरकून पुन्हा जागा करणे. आतला पहारा काम करतो तो बाहेरच्या पहाऱ्याला परत जागेवर आणण्यासाठी. कोपराने खांदा अडवायचा, त्या उसंतीत कंबर मागे न्यायची, मोकळ्या झालेल्या जागेतून गुडघा आत घालायचा, गुडघ्याच्या आधाराने पाऊल पुन्हा कमरेवर ठेवायचे. हा क्रम उलट्या दिशेने, आतून बाहेर, शंभरदा करावा. आडोसा म्हणजे समोरच्याला ढकलून देणे नव्हे. हात पूर्ण ताणून ढकलणाऱ्याचा कोपर उघडा पडतो आणि तेथून हाताची पकड सुरू होते.

यात एक बारकावा परतलेल्यांच्या हातून हमखास सुटतो. पाऊल कमरेवर ठेवले की पाय सरळ ताणायचा मोह होतो. ताणलेला पाय बाजूला झटकणे सर्वांत सोपे. समोरचा दोन्ही गुडघ्यांपाशी विजार धरतो, बैलाला चकवणाऱ्या झुंजारासारखा पाय एका बाजूला फेकतो आणि दुसऱ्या बाजूने आत शिरतो. गुडघा थोडा वाकलेला असेल, कोपर गुडघ्याजवळ असेल, तर त्याला आत शिरायला फट मिळत नाही. कोपर आणि गुडघा यांची ही सोयरीक तुटली की गार्ड तुटला, असे समजावे.

पायांना हातांसारखे वापरण्याची ही कला आपल्याकडे अपरिचित आहे असे मानण्याचे कारण नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला जी शिस्त लावली, तिच्यात ‘अढी’ हा पायांच्या पकडीचा अभ्यास आहे. खांबाला मांड्या, नडग्या आणि पावले यांनी धरून हात मोकळे ठेवणारा मुलगा पायांतील सूक्ष्म दाब ओळखायला शिकतो. पूर्वी पैलवान मल्लखांब करीत, तो केवळ व्यायाम म्हणून नव्हे. ज्याच्या गावात अजून मल्लखांबाचा खांब उभा आहे, त्याने गार्डच्या उभारणीसाठी त्याचा उपयोग करून पाहावा. महागडी साधने विकत घेण्यापेक्षा ते बरे. खांब मात्र विजार धरून बाजूला पळत नाही, हे विसरू नये.

बसून लढणे, आणि पट

पाठीवर झोपून लढण्याची धास्ती वाटणाऱ्या पैलवानासाठी एक मधला मार्ग आहे आणि अनेक अनुभवी प्रशिक्षक परतणाऱ्यांना तोच आधी देतात : बसलेला गार्ड. एक हात मागे जमिनीवर, दुसरा पुढे समोरच्याचा हात अडवायला, एक गुडघा उभा, दुसरा आडवा, छाती ताठ. येथे पाठ जमिनीपासून दूर असते, त्यामुळे ती जुनी सवय जागी होत नाही. समोरचा पुढे आला तर पाऊल त्याच्या मांडीवर, तो मागे सरकला तर त्याच्या मागोमाग आपणही सरकायचे.

या स्थितीतून उठण्याची एक ठरीव रीत आहे. मागच्या हातावर आणि विरुद्ध पावलावर भार घेऊन कंबर उचलायची, मोकळा पाय अंगाखालून मागे ओढायचा आणि समोरच्यावरून नजर न काढता उभे राहायचे. जिउ-जित्सूत ही अगदी पहिल्या महिन्यातली गोष्ट समजतात आणि म्हणूनच कदाचित पुढे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पैलवानाने तिला आपली मैत्रीण मानावे, कारण या उठण्याच्या अर्ध्या वाटेवरच त्याचे जुने धन पडलेले आहे. उठताना पुढचा हात समोरच्याच्या पायाभोवती गेला की तो एकेरी पट होतो. गार्डमधून उठून पट काढणे ही आजच्या स्पर्धांत सर्रास दिसणारी गोष्ट आहे. समोरचा पट टाळण्यासाठी मागे झुकला तर पुन्हा बसून पाय अडकवता येतो. पुढे झुकला तर त्याचा तोल आपल्याच हाती येतो. माती आणि मॅट या दोन विद्या येथे एकमेकींना भेटतात.

एक धोका मात्र आहे. मातीत पट काढताना डोके खाली, बाहेरच्या बाजूस गेले तरी निभावते. मॅटवर त्या डोक्याभोवती हात पडतो आणि गळा आवळला जातो. डोके वर, त्याच्या छातीला लागून, आतल्या बाजूस ठेवण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. खाशाबा जाधव यांच्यासारख्या मल्लालाही मातीतून मॅटवर जाताना नव्याने शिकावे लागले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्यांच्या बाबतीत खेळ तोच होता, केवळ जमीन बदलली होती. जिउ-जित्सूत जमिनीबरोबर हरण्याची व्याख्याही बदलते, तेव्हा थोडा अधिक धीर धरावा.

एकच डाव, दोन बाजूंनी

जुन्या वहीतले सारे गार्ड एकदम उघडण्याची घाई परतणाऱ्याला होते. स्पायडर, लासो, डे ला रिवा ही नावे त्याच्या जिभेवर असतात. पहिल्या दोन महिन्यांत त्यांतले काहीही नको. समोरचा उभा असताना करायचा एक उलथाव आणि त्याचा जोडीदार एवढे पुरे.

तिपाईचा उलथाव यासाठी उत्तम. एका हाताने समोरच्याच्या एका पायाची टाच मागून धरायची. त्याच बाजूचे आपले पाऊल त्याच्या कमरेवर. दुसरे पाऊल त्याच्या दुसऱ्या टाचेमागे आकड्यासारखे. दोन्ही टाचा अशा रीतीने अडल्या की कमरेवरच्या पावलाने ढकलायचे; मागे टाकायला त्याच्यापाशी पाऊलच उरत नाही आणि तो बसतो. त्याने आकडा घातलेला पाय सोडवून मागे नेला तर आपल्या दोन्ही पावलांची कामे बदलायची. ढकलणारे पाऊल खाली येऊन धरलेल्या पायाला विळ्यासारखे कापते आणि दुसरे कमरेवर चढते. एकाने टाळले तर दुसऱ्यात सापडावे, अशी ही जोडी आहे. ढाक चुकवणाऱ्यावर लगेच दुसरा डाव लावणाऱ्या पैलवानाला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

उलथवले म्हणजे काम झाले नाही. तो पडताच टाच न सोडता पुढे येऊन वर बसायचे. बरेच जण पाडतात आणि कौतुकाने पाठीवरच पडून राहतात. समोरचा उठून पुन्हा उभा राहतो आणि ते दोन गुण वाऱ्यावर जातात.

हा सारा सराव मर्यादित झुंजीतून करावा. खालच्याने गार्डमध्ये सुरू करायचे. वरचा ओलांडून गेला, किंवा खालच्याने उलथवले, की थांबून पुन्हा तेथूनच सुरुवात. दोन मिनिटांच्या अशा सहा फेऱ्यांत ओपन गार्डचा जितका अनुभव मिळतो तितका मोकळ्या झुंजीच्या तासाभरातही मिळत नाही. मोकळ्या झुंजीत पैलवान गार्डचा प्रसंगच येऊ देत नाही. तो उभ्यानेच पाडतो, वर राहतो, जिंकतो, आणि त्याचा गार्ड होता तेथेच राहतो. हे जिंकणे त्याला महागात पडते.

अंगाचा हिशेब

दम लवकर परततो. स्नायूही काही आठवड्यांत पूर्वपदावर येऊ लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि सांध्यांचे बंध मात्र संथ गतीने बळकट होतात. या दोन गतींमधील तफावतीतच परतणाऱ्यांच्या बहुतेक दुखापती घडतात : ताकद आली असे वाटते, बोटांचे सांधे आणि गुडघे अजून तयार झालेले नसतात. म्हणून बाही धरून ओढाताण करणाऱ्या पकडी सुरुवातीला टाळाव्यात, टाच आणि कॉलर यांवर काम भागवावे. पकड सुटत असेल तर सोडून द्यावी. बोट आत अडकू देऊ नये.

मानेबाबत तर अधिकच जपले पाहिजे. खांद्यावरून उलटे फिरून गार्ड वाचवण्याची कसरत पाहायला सुंदर असते आणि जुन्या चित्रफितींत आपणच ती करताना दिसतो. पहिले दोन-तीन महिने ती करू नये. भार खांद्यावर आहे की मानेवर, हे ओळखणारी जाणीव खंडात बोथट झालेली असते. ज्यांना गुडघ्याची शस्त्रक्रिया वा मणक्याचा त्रास झालेला आहे त्यांनी मॅटवर पाऊल ठेवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि सोबत्याला ती गोष्ट झुंजीपूर्वी स्पष्ट सांगावी. ती लपवून ठेवण्यात कसलाही मर्दपणा नाही.

कोकणपट्टीच्या हवेची एक भरही येथे घालावी लागते. पावसाळ्यात जाड किमोनो दोन दिवस वाळत नाही. ओलसर कपड्यात सराव केला की गजकर्णाला आमंत्रण मिळते आणि ते एका अंगावरून साऱ्या तालमीत पसरते. जूनपूर्वी दुसरा किमोनो शिवून घ्यावा किंवा त्या चार महिन्यांत किमोनोशिवायचा सराव करावा. दुसऱ्या पर्यायात बाही-कॉलर नसल्याने बसलेला गार्ड आणि पट यांवरच भर द्यावा लागतो. पैलवानासाठी ते सोयीचेच.

उरतो तो मानापमानाचा प्रश्न. कमरेला जांभळा पट्टा, आणि सहा महिन्यांपूर्वी आलेला पांढऱ्या पट्ट्याचा मुलगा तीनदा गार्ड ओलांडून जातो, हे सोसवत नाही. जिउ-जित्सूत पट्टे कमावण्याचा काळ वर्षांत मोजतात आणि खंड पडला म्हणून पट्टा काढून घेत नाहीत. तरीही कित्येक जण याच क्षणी कायमचे निघून जातात. काही जण जात नाहीत, पण गार्डमध्ये बसणे सोडून देतात आणि उरलेली वर्षे वरूनच खेळतात. तालमीत थोरला पैलवान धाकट्यांना ‘जोर’ करू द्यायचा, त्यांना अंगावर घ्यायचा, मुद्दाम अवघड जागी सापडायचा आणि तेथून सुटायचा. त्याला तेव्हा कोणी हरला म्हणत नसे. परतलेल्या जांभळ्या पट्ट्याने त्या मुलाला बोलावून सांगावे की तू रोज माझा गार्ड ओलांड, मी रोज परत आणीन. मुलालाही ते हवेच असते.

दोनदा आठवड्याला, तासभर, या गतीने सुमारे आठ आठवड्यांनी एक सोपी कसोटी घेता येते. आपल्याच वजनाच्या सोबत्याला वर ठेवून पाच मिनिटांची एक फेरी खेळावी आणि तिसऱ्या कोणाला तरी मोजायला बसवावे : गार्ड कितीदा तुटला, आणि तुटल्यावर आपण कितीदा पोटाकडे वळलो. पहिला आकडा मोठा असला तरी चिंता नाही. दुसरा शून्यावर आला असेल तर डे ला रिवाची वही उघडायला हरकत नाही. नसेल, तर सोबत्याला पुन्हा डावी-उजवीकडे चालायला सांगावे.